भाताचा वाडगा

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहींना हंसूं येईल. मी चिरनेरचा राहणारा. पनवेल-उरणच्या पट्ट्यांत, अक्कादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशीं ज्याचा सारा जन्म गेला, त्या मनुष्यानें शहरांतील उपाहारगृहांत मिळणाऱ्या जपानी धर्तीच्या भातावर आणि शेवयांवर बोलावें, हें म्हणजे गुरवानें आगबोटीच्या यंत्रावर व्याख्यान देण्यासारखें आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत मीं हे पदार्थ एकदां नव्हे, सात-आठ वेळां, निरनिराळ्या ठिकाणीं खाल्ले. आणि ते खातांना मला जें सुचत गेलें, तें जपानपेक्षां चिरनेरविषयींच अधिक होतें. म्हणून हें धाडस करीत आहें.

मला या वाटेला लावलें तें माझ्या नातीनें. ती नोकरीनिमित्त वाशीस असते. पूर्वीं आम्हां उरणकडच्या लोकांना मुंबई म्हणजे मोऱ्याच्या बंदरावरून भाऊच्या धक्क्यापर्यंतचा लाँचचा प्रवास असे. समुद्र खवळला कीं मुंबई बंद. पुढें १२ जानेवारी १९२४ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर, १२ जानेवारी २०२४ रोजीं, शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतचा अटल सेतु खुला झाला. सुमारें २२ किलोमीटर लांबीच्या या पुलाला जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेनें मोठें कर्ज दिलेलें आहे. चिर्लें आमच्यापासून फार दूर नाहीं. तेव्हां एके सायंकाळीं नात गाडी घेऊन आली आणि म्हणाली, ‘आजोबा, जपान्यांच्या पैशानें बांधलेल्या पुलावरून चला, जपान्यांचा भात खाऊन येऊं.’ भाताचें नांव निघाल्यावर नाहीं म्हणणारा मनुष्य आमच्या गांवांत जन्मलेला नाहीं.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं मुंबईंत जपानी जेवण म्हणजे मोठ्या पंचतारांकित हॉटेलांतील वस्तु होती. आतां तें तेथून उतरून लहान उपाहारगृहांत आलें आहे. आम्ही गेलों तें ठिकाण असेंच होतें. पंधरा-वीस खुर्च्या, एका अंगाला उघडें स्वयंपाकघर, छताला तांबडे कागदी कंदील, आणि कचेऱ्या सुटल्यावर येऊन बसलेलीं तरुण माणसें. नातीनें मागविलेल्या पदार्थाचें नांव ‘ओयाकोदोन’. ‘दोन’ हें ‘दोन्बुरी’ या शब्दाचें लघुरूप. दोन्बुरी म्हणजे खोलगट वाडगा, आणि त्या वाडग्यांत भातावर कालवण घालून वाढलेलें जेवणही. ‘ओया’ म्हणजे आईबाप, ‘को’ म्हणजे मूल. कोंबडीचे तुकडे आणि कोंबडीचेंच अंडें एकत्र शिजवून भातावर ओततात, म्हणून हें नांव. नातीनें अर्थ सांगितला तेव्हां मन क्षणभर चरकलें. परंतु पोटांत भूक होती, आणि वाडग्यांतून वाफ येत होती.

खालीं भात, त्यावर मऊ झालेला कांदा, कोंबडीचे तुकडे, अर्धवट थिजलेलें अंडें, आणि या सर्वांतून भातांत झिरपलेला गोडसर-खारट रस. ताट नाहीं, वाट्या नाहींत, मीठ-लिंबाची डावी बाजू नाहीं. सारें जेवण एका वाडग्यांत. मीं चमच्यानें पहिला घांस घेतला आणि माझी निराशा झाली. भात चिकट होता. शिताला शीत बिलगलेलें. आमच्या घरीं असा भात उतरला असता, तर करणारीनें आधींच दोन शब्द बोलून क्षमा मागितली असती. मी नातीला हळूच म्हणालों, ‘पोरी, यांचा भात गिच्च झाला.’ ती म्हणाली, ‘आजोबा, तो झालेला नाहीं, तो केलेला आहे.’

या एका वाक्यानें माझें डोकें ठिकाणावर आणलें. दुसऱ्याच्या पानांतील पदार्थाला आपण आपल्या चुलीच्या न्यायानें शिक्षा सांगतों. पुढें मीं त्या भाताची चौकशी केली. जपानी तांदळाचा दाणा आंखूड आणि जाडसर असतो. तांदळाच्या पिष्टांत अ‍ॅमायलोज नांवाचा एक घटक असतो; तो जास्त असला कीं भात मोकळा होतो, कमी असला कीं चिकटतो. आपल्याकडील बहुतेक तांदळांत तो जास्त, जपान्यांच्या तांदळांत कमी. शिवाय ते तांदूळ निवळ पाणी येईपर्यंत धुतात, अर्धा तास भिजत ठेवतात, मोजून पाणी घालतात, आणि तें सर्व पाणी भातांतच जिरवितात. आपल्याकडे वेळून काढण्याची पद्धत असते तसा थेंबही बाहेर जाऊं देत नाहींत. मग झांकण न काढतां वाफेवर मुरूं देतात. दोन काड्यांनीं जेवणाऱ्या लोकांना भात चिमटींत धरतां यावा लागतो. आपण बोटांनीं कालवितों. आपल्याला तो रस्सा पिणारा आणि मोकळा लागतो. तेव्हां गिच्च आणि मोकळा हा गुणदोषाचा भेद नव्हे. तो काड्या आणि बोटें यांचा भेद आहे.

त्या काड्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मीं प्रयत्न करून थकल्यावर त्या भातांत उभ्या खोंचून ठेवल्या, तेव्हां नातीनें त्या घाईघाईनें काढल्या. जपानांत मृताजवळ भाताचा वाडगा ठेवतात, आणि त्यांत काड्या उभ्या करतात. म्हणून जेवतांना तसें करणें अशुभ. हें ऐकून त्या परक्या वाडग्याविषयीं मला प्रथमच आपलेपणा वाटला. ज्या लोकांच्या मरणांतही भात आहे, ते लोक भातखाऊ खरे. आपल्याकडे उष्टावणाच्या पहिल्या घांसापासून पिंडापर्यंत भातच सोबत करतो. भाषाही हेंच सांगते. जपानी भाषेंत ‘गोहान’ म्हणजे शिजलेला भात, आणि ‘गोहान’ म्हणजेच जेवण. सकाळचें जेवण म्हणजे सकाळचें गोहान. पण शेतांतील रोपाला त्यांचा शब्द ‘इने’, आणि कच्च्या तांदळाला ‘कोमे’. आपल्या मराठींत शेतांत उभें असतें तें भात आणि ताटांत येतो तो भात. मध्यें फक्त तांदूळ. शेत आणि ताट यांत आपल्या भाषेनें एका लिंगाचाच फरक ठेवला आहे. हा धागा आपण ध्यानांत ठेवावा. शेवटीं मला त्याच्याशीं काम आहे.

आतां रसाकडे वळूं. त्या ओयाकोदोनांत जो खारट-गोडसर रस होता, त्याच्या तळाशीं मला एक ओळखीचा वास लागत होता, आणि तो कोणता हें उमगेना. तिसऱ्या वेळीं उमगला. तो सुक्या मासळीचा वास होता. जपानी पाकक्रियेचा पाया ज्याला म्हणतात तो ‘दाशि’ नांवाचा काढा दोन वस्तूंचा होतो. एक ‘कोम्बु’ नांवाचें वाळविलेलें समुद्रशेवाळ, आणि दुसरी ‘कात्सुओबुशी’, म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावर धरून, लांकडासारखा कठीण होईपर्यंत वाळवून किसलेला कीस. या काढ्याला चव कशानें येते याचा शोध तोक्योच्या विद्यापीठांतील किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानें लावला. त्यानें १९०८ सालीं कोम्बुंतून ग्लुटामेट हा पदार्थ वेगळा केला आणि त्याच्या चवीला ‘उमामि’ हें नांव दिलें. गोड, आंबट, खारट, कडू यांहून ही चव निराळी. पुढें १९१३ सालीं त्याच्या शिष्यानें, शिंतारो कोदामा यानें, सुक्या माशांतील चवीचा दुसरा घटक, इनोसिनेट, दाखवून दिला. हे दोन घटक एकत्र आले म्हणजे चव दोहोंच्या बेरजेपेक्षां कितीतरी वाढते.

हें शास्त्र वाचलें आणि मला आमच्या आईची आगोट आठवली. पावसाळा तोंडावर आला कीं घरोघर आगोटीची बेगमी होई. सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या उन्हांत खडखडीत वाळवून माळ्यावर टांगलेल्या असत. आषाढांत होड्या बंद, भाजी महाग. मग मूठभर जवळा भाजून, कांदा आणि टोमॅटो घालून कालवण होई, आणि त्या एका मुठीवर आठ माणसें पातेलेंभर भात जेवत. टोमॅटोंत ग्लुटामेट भरपूर असतें, आणि सुक्या मासळींत तें दुसरें द्रव्य. आईला रसायनशास्त्राचें नांवही ठाऊक नव्हतें. पण कोणती वस्तु कोणत्या वस्तूशीं घातली म्हणजे थोड्यांत पुष्कळ चव येते, हें तिला ठाऊक होतें. दोन्ही ठिकाणीं कारण एकच. घरांत भात पुष्कळ आणि त्यावर घालावयास थोडें, अशी स्थिति असलेल्या लोकांनीं शोधून काढलेली ही युक्ति आहे. फरक एवढाच, कीं जपान्यांनीं आपल्या सुक्या मासळीला काचेच्या कपाटांत बसविलें, आणि आपण पाहुणा आला कीं जवळ्याचें पातेलें झांकून ठेवतों.

आतां शेवयांचा प्रकार. त्यांत मुख्य तीन. ‘उदोन’ गव्हाच्या जाड्या, पांढऱ्या, मऊ शेवया. ‘सोबा’ कुट्टूच्या पिठाच्या, मातकट रंगाच्या. आपल्याकडे कुट्टू उपासाचा मानतात. तेथें तो रोजचा आहे. तिसरा आणि आज शहरांत सर्वांत गाजलेला प्रकार ‘रामेन’. या शेवया मूळच्या चिनी. जपान्यांनीं त्या आपल्याशा केल्या. त्यांचा पिंवळसर रंग आणि दाताखालीं येणारा तो चिवटपणा अंड्यामुळें असेल असें मला वाटलें होतें. तसें नव्हे. त्यांच्या पिठांत ‘कान्सुई’ नांवाचें क्षाराचें पाणी घालतात. तो क्षार म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम यांचीं कार्बोनेटें. आपल्या उडदाच्या पापडांत पापडखार घालतात तो याच कुळांतला. क्षारानें पिठाचा पोत घट्ट होतो, हें आपल्या गृहिणींना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तसेंच, रसांत बुडविलेल्या शेवया आपल्यालाही नव्या नाहींत. तळकोंकणांत शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे लांकडी साच्यांतून दाबून त्यांचे तंतू पाडतात, आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसांत बुडवून खातात. वाडगा, रस आणि शेवया हीं तिन्ही तेथें आहेत; नाहीं तो फक्त कागदी कंदील.

रामेन खातांना आवाज करून भुरका मारणें तेथें असभ्य समजत नाहींत. ही चाल मला एकदम पसंत पडली. आमच्या शाळेंत असतांना ताकाच्या भुरक्याबद्दल मीं बोलणीं खाल्लीं आहेत. त्यांचें सत्तर वर्षांनीं परिमार्जन झालें.

पण मीं खाल्लेलें सगळेंच चांगलें होतें, असें म्हटलें तर तें खोटें बोलणें होईल. सात-आठ ठिकाणांपैकीं दोन-तीन ठिकाणीं वाडगा सुंदर होता आणि आंत कांहीं नव्हतें. एके ठिकाणीं भातावर गोड आणि तिखट अशा दोन सॉसांचा इतका भडिमार होता, कीं खालीं भात आहे कीं भुसा आहे हें कळण्यास मार्ग नव्हता. दुसऱ्या ठिकाणीं रामेनचा रस्सा म्हणजे मिठाचें गरम पाणी. हें शहरांतील नव्या चालीचें जेवण पुष्कळदां डोळ्यांसाठीं मांडलेलें असतें. मंडळी आधीं त्याचें छायाचित्र घेतात, मग तें निवतें, मग खातात.

या ठिकाणीं कोणी म्हणेल, कीं हें खरें जपानी जेवणच नव्हे, ही सारी नक्कल. माझा आक्षेप तो नाहीं. शुद्धतेचा हा वाद जेवणाच्या बाबतींत फार दूर नेतां येत नाहीं. जपान्यांची ‘तेम्पुरा’ ही तळलेली भजीच पाहा. सोळाव्या शतकांत तेथें गेलेल्या पोर्तुगीजांकडून ती त्यांनीं घेतली. आणि त्याच पोर्तुगीजांचें ठाणें आमच्या उरण-करंजावरही होतें. रामेन चीनकडून आली. आणि जपानांत आज घरोघर जो ‘कारे-राइसु’, म्हणजे रस्सा-भात, खातात, तो तर मूळ आपलाच. इंग्रजांच्या मार्फत एकोणिसाव्या शतकांत तेथें पोंचलेला. त्याची दुसरी वाट अधिक हृदयस्पर्शी आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ सालीं जपानांत गेले. इंग्रज सरकार त्यांच्या मागावर होतें. तोक्योंतील नाकामुराया या दुकानाच्या मालकांनीं, सोमा दांपत्यानें, त्यांना आसरा दिला. त्यांची कन्या तोशिको हिच्याशीं १९१८ सालीं बोसांचा विवाह झाला. तोशिको थोड्याच वर्षांत वारली. पुढें १९२७ सालीं नाकामुरायानें उपाहारगृह उघडलें, तेव्हां बोसांनीं इंग्रजी वळणाच्या पिठूळ रश्श्याऐवजीं हिंदी पद्धतीचा खरा कोंबडीचा रस्सा आणि भात तेथें सुरू करविला. तो आजही तेथें मिळतो. परदेशांत अडकलेल्या एका देशभक्तानें आपल्या देशाची आठवण भाताच्या ताटांत जिवंत ठेवली. आतां २०२० सालीं जपानांतील एका मोठ्या रस्सा-भाताच्या मंडळीनें, कोको इचिबान्यानें, आपल्या गुरुग्राम शहरांत दुकान काढलें आहे. रस्सा येथून गेला, तेथें बदलला, आणि परत आला. मग नक्कल कोणाची म्हणावयाची?

तेव्हां खऱ्या-खोट्याची कसोटी मीं दुसरी ठरविली. प्रत्येक ठिकाणीं मी एकच प्रश्न विचारूं लागलों: ‘हा तांदूळ कोणता?’ बहुतेक ठिकाणीं वाढणारा मुलगा गोंधळून म्हणे, ‘चिकट तांदूळ, साहेब.’ एका ठिकाणीं मात्र त्यानें आंत जाऊन स्वयंपाक करणाऱ्यालाच बाहेर आणलें. तिशींतला ईशान्येकडचा तरुण होता. त्यानें तांदळाचें नांव सांगितलें, तो कोठून येतो तें सांगितलें, नव्या तांदळाला पाणी कमी आणि जुन्याला जास्त कसें लागतें तेंही सांगितलें. जपानांत तांदळाच्या पिशवीवर वाण, प्रांत आणि पिकाचें साल छापलेलें असतें. ‘कोशिहिकारी’ नांवाचा, १९५६ सालीं नोंदलेला वाण तेथें मुलांनाही माहीत असतो. हीं माहितीही त्यानेंच दिली. मग त्यानें सहज, अगदीं सौजन्यानें, मला विचारलें, ‘आजोबा, आपण शेतकरी दिसतां. आपल्या घरीं कोणता तांदूळ खातात?’

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आमच्या घरीं दुकानांतून गोणी येते. तिच्यावर मोराचें चित्र आहे, एवढें मला सांगतां आलें असतें. ज्याच्या सात पिढ्यांनीं भात पिकविलें, त्या मनुष्याला आपल्या ताटांतील भाताचें नांव माहीत नव्हतें; आणि डोंगराळ मुलखांतून रोजगारासाठीं आलेल्या त्या मुलाला परक्यासाठीं रांधलेल्या भाताचें कुळ-गोत्र पाठ होतें. त्या दिवशींचा वाडगा मीं संपविला. पण गळ्याखालीं घांस सहज उतरला नाहीं.

घरीं येतांना मी आठवूं लागलों. आमच्या लहानपणीं भाताला नांवें होतीं. डोंगराच्या बाजूच्या गोड्या शेतांतलीं वेगळीं, खोपट्याच्या खाडीकडच्या खाऱ्या शेतांतलीं वेगळीं. खारीतलें भात म्हणजे ‘राता’. काळा राता आणि भुरा राता. तांबूस दाण्याचें, खाऱ्या जमिनींत उभें राहणारें. खाडीचें पाणी बांधानें अडवावें, ओहोटीला उघाडींतून आंतलें पाणी सोडावें, भरतीला तें दार मिटावें, पावसानें जमिनीचें मीठ धुऊन गेलें कीं भात करावें, ही विद्या आमच्या आगरी-कराडी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या सांभाळली. सरकारी संशोधकांनींही तिचें मोल ओळखलें होतें. राता जातींतून निवडून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे वाण त्यांनीं दिले. पनवेलला खास खारजमिनीसाठीं संशोधन केंद्र झालें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या या केंद्रानें ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ असे मीठ सोसणारे वाण काढले. म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्याचें नांव धारण करणारा तांदूळ जगांत आहे, आणि तो आमच्या घरांत नाहीं.

तो कां नाहीं, याचें उत्तर केवळ आमच्या आळसांत नाहीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण येथील ९५ गांवांची जमीन नव्या मुंबईसाठीं घेण्याचें ठरलें. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला, आणि जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. १९८९ सालीं न्हावाशेव्याचें बंदर सुरू झालें. २०२५ सालीं विमानतळ झाला. आणि २०२४ सालीं ज्या नव्या नगराची अधिसूचना निघाली, त्याचें नांवच ‘कर्नाळा-साई-चिरनेर’ आहे. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गांवें त्यांत आलीं आहेत. गांवांतून त्याला विरोध आहे; अनुकूल बोलणारेही आहेत. त्याचा वाद मी येथें घालीत नाहीं. जंगलाच्या हक्कासाठीं २५ सप्टेंबर १९३० रोजीं सत्याग्रह करून गोळ्या झेललेलें आमचें गांव आहे. नाग्या कातकऱ्यासारख्या तरुणानें त्या दिवशीं आपला प्राण दिला. आपल्या जमिनीविषयीं काय करावें, हें त्या गांवाला शिकविणारा मी कोण?

मला सांगावयाचें आहे तें याहून लहान, पण तितकेंच निकडीचें आहे. नगर आलें तर त्याबरोबर हीं भाताच्या वाडग्याचीं उपाहारगृहेंही येतील. माझीं पतवंडें कदाचित् चिरनेरच्याच एखाद्या शेताच्या जागीं बसून ओयाकोदोन खातील. त्यांत मला वाईट दिसत नाहीं. परंतु त्या वाडग्यांतील तांदळाचें नांव त्यांना सांगतां येईल काय? जमीन गेली तर तिचे पैसे येतात, थोडे कीं फार. वाणाचें बी मात्र एकदां संपलें कीं तें कोणत्याही दरानें परत मिळत नाहीं. आणि बी शेत जाण्याच्या पुष्कळ आधीं, ताटांतून नांव गेलें त्या दिवशींच संपूं लागतें.

म्हणून गेल्या मृगांत मीं एक गोष्ट केली. खोपट्याच्या अंगाला आमचा शेताचा तुकडा आहे. मुलगे बंदरावर कामाला लागल्यापासून तो पडीकच होता. त्यांतील दहा गुंठे मीं पुन्हां लावले. घरच्या रात्याचें बी आमच्याकडे उरलेलें नव्हतें. गांवांतही विचारून पाहिलें, मिळालें नाहीं. शेवटीं ‘पनवेल-३’चें बी मिळविलें. मुलांनीं रविवारीं येऊन बांधाची डागडुजी केली, कांहींशी माझ्या समाधानासाठीं. नात सुट्टी काढून लावणीला आली आणि दोन दिवस तिची कंबर धरली. दिवाळीच्या सुमारास पांच गोणी भात घरीं आलें. हिशेब मांडला तर तोटाच आहे. दुकानची गोणी स्वस्त पडली असती.

त्या तांदळाचा पहिला भात आम्ही वाडग्यांत वाढला. नातीनें जपानी रीतीनें तांदूळ धुऊन, भिजवून, मोजक्या पाण्यांत शिजविले. वर जवळा, कांदा आणि टोमॅटो यांचें रसदार कालवण, त्यांत एक आमसूल, आणि उतरतांना त्यावर फेंटलेलें अंडें ओतलें. भात चिकटला नाहीं. आमचा दाणा तो, आपल्या स्वभावाला जागला. काड्या कामाला आल्या नाहींत, बोटें आलीं. आमच्या घरांतून चार घांस खाऊन म्हणालें, ‘अहो, हा तर आपला सुकटीचा भात! याच्यासाठीं पुलापलीकडे कशाला जायला हवें होतें?’ मी म्हणालों, ‘तो आपला आहे हें कळण्यासाठीं.’ नात कांहीं बोलली नाहीं. तिनें दुसऱ्यांदा वाडगा पुढें केला, आणि यंदाच्या पेरणीसाठीं बी वेगळें काढून ठेवलें आहे काय, एवढेंच विचारलें. तें मीं ठेवलें आहे.

श्रोतेहो, आपण शहरांत असाल तर असा वाडगा अवश्य चाखून पाहा. भुरका मारावयास लाजूं नका. रस्सा चांगला असेल तर वाखाणा, सॉसांचा मारा असेल तर स्पष्ट सांगा. परंतु उठण्यापूर्वीं वाढणाऱ्याला एक प्रश्न विचारा: हा तांदूळ कोणता? आणि त्याच रात्रीं घरीं गेल्यावर तोच प्रश्न आपल्या स्वतःच्या ताटालाही विचारा. शेतांतलें भात आणि ताटांतला भात यांना आपल्या भाषेनें एकाच शब्दांत बांधलें आहे; ती गांठ सोडूं नये, एवढीच चिरनेरच्या एका भातखाऊची आपणांस विनंति आहे.